हजर सतरा

वडवणीला बाजारपेठेत माझा फोटो स्टुडिओ होता. पासपोर्ट फोटो, लग्नं, बारशी आणि वर्षातून चार-पाचदा एका सहकारी साखर कारखान्याचं काम. बॉयलर पेटवायची पूजा, गव्हाणीत उसाची पहिली मोळी टाकणारे पुढारी, वार्षिक सभा. हार घातलेली माणसं टिपून टिपून मला असा वीट आला होता की कुणाच्या गळ्यात हार दिसला की माझं तोंड आपोआप वाकडं व्हायचं. त्यातूनच मला ते खूळ लागलं. सोमवारी दुकान बंद ठेवायचं, मोटारसायकल काढायची आणि एका खोलीच्या जुन्या शाळा शोधत हिंडायचं.

मी स्वतः तसल्याच एका खोलीत शिकलो. चार कोपऱ्यांत चार वर्ग आणि मध्ये एक गुर्जी. पहिलीत असताना चौथीचा भूगोल फुकटात कानावर पडायचा. ती खोली पाडून तिथं पाण्याची टाकी बांधली, आणि टाकीत पाणी काही आलं नाही. पाडायच्या आधी एखादा फोटो काढून ठेवावा एवढं मला सुचलं नाही. दुनियेचे फोटो काढणाऱ्या माणसाला ही गोष्ट खुपते.

शाळा शोधणं वाटतं तितकं सोपं नव्हतं. फाट्यावरच्या हॉटेलात जुनी शाळा विचारली की लोक हटकून नव्या शाळेपुढं नेऊन उभं करायचे. "ही बघा, लई भारी हाय." पडकी दाखवायची त्यांना लाज वाटायची. एका गावात पारावरच्या म्हाताऱ्यानं माझ्या कॅमेऱ्याकडं बघत विचारलं, "फोटू कशाला काढायलाव? पाडायची हाय का?" मी हसून नाही म्हणालो. त्या म्हाताऱ्याला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं.

ही शाळा सापडली ती टँकरच्या वर्षी, थंडी सरता सरता. डोंगरपट्ट्यातली तीस-चाळीस घरांची वस्ती. दिवाळी झाली की निम्म्याहून जास्त दारांना कुलपं, माणसं ऊसतोडीला. वस्तीच्या टोकाला निजामाच्या काळातली एक दगडी खोली, वर पत्रे, पुढं लिंबाचं झाड, खिडक्यांना लोखंडी गज. मोटारसायकल स्टँडला लावायच्या आधीच मी मनात म्हणालो, हीच.

आत कुणी नव्हतं. झाडाखाली एक म्हातारी चुलीवर खिचडी शिजवत होती. तिच्याशी बोलत उभे असलेले पन्नाशीचे गृहस्थ पुढं आले. तेच शाळेचे एकुलते एक गुर्जी. मी कोण, कशाला आलो ते सांगितल्यावर माणूस खुलला.

"अर्धा घंटा थांबा," ते म्हणाले. "टँकर आलाय, पोरं पाण्याला पळालेत. घरी नुसती म्हातारी माणसं, त्यांच्यानं हंडा उचलत न्हाई. टँकर आला की पोरं सोडावीच लागतेत. पाणी भरलं की येतेत माघारी."

मग त्यांनी आपणहून सगळं सांगितलं. पटावर एकतीस पोरं. पूर्वी हंगामात सगळीच्या सगळी आईबापाबरोबर उसाच्या फडात जायची आणि परत येईस्तोवर शिकलेलं विसरायची. गुर्जी तीन वर्षं दर दसऱ्याला घरोघर हिंडले. एक हंगाम पोर इथं ठेवा, माझ्यावर सोडा, असं म्हणत त्यांनी अक्षरशः पाय धरले होते. त्यातून यंदा सतरा पोरं आजी-आजोबांपाशी राहिली होती. खिचडी शिजवणाऱ्या म्हातारीच्या दोन नाती त्यांतल्याच. तिचा लेक आणि सून कोल्हापूरकडं ऊस तोडत होते.

"वाचायल्यात पोरी आता," म्हातारी चुलीत काटकी सारत म्हणाली. "टँकरवर लिवलेलं बी वाचून दावतेत."

मी मान डोलावली, पण माझं लक्ष खोलीत होतं. खिडकीतून तिरपं ऊन फरशीवर उतरलं होतं आणि ते काही अर्धा घंटा थांबणार नव्हतं. आत गेलो तर जमिनीवर सगळीकडं दप्तरं पसरलेली. कुठं खताच्या पिशवीचं शिवलेलं, कुठं साखरेच्या पोत्याचं. उघड्या वह्या, पाट्या, एक अर्धं खाल्लेलं बोर. मला तो पसारा वाटला. पंगतीतले ग्लास, चपला, खुर्च्या बाजूला सारून फोटो काढायची माझी वीस वर्षांची सवय. मी एकूण एक दप्तर उचललं आणि दाराआड नीट रचून ठेवलं. गुर्जींनीही चार उचलली.

फळ्याच्या कोपऱ्यात रोजच्यासारखं लिहिलेलं होतं. वार, दिनांक, पट ३१, हजर १७. अक्षर असं वळणदार की बघत राहावं.

"पुसू का?" गुर्जींनी विचारलं.

"छे छे, राहू द्या. तीच तर शोभा आहे," मी म्हणालो.

तो माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला फोटो. रिकामी खोली, फरशीवर उन्हाचे पट्टे, मागं काळा फळा आणि त्यावरचं अक्षर न् अक्षर वाचता येतंय. मी पोरांसाठी थांबलो नाही. अजून एक शाळा बघायची होती. वस्तीच्या उतारावर पोरं समोरून आली, हंडे-कळश्या डोक्यावर घेऊन, कपडे ओलेचिंब. मी हॉर्न वाजवला. ती शहाण्यासारखी बाजूला झाली.

पावसाळ्याच्या शेवटी कारखान्याची सभा आली. वार्षिक अहवालात एक पान रिकामं राहत होतं, तेव्हा मीच हौसेनं तो फोटो पुढं केला. हारवाल्यांच्या गर्दीत एक तरी माझ्या मनाचा फोटो जावा, एवढीच हाव. छापून आला तेव्हा खाली कुणीतरी ओळ घातली होती, 'दुष्काळात ओस पडलेली शाळा'. मला ती ओळ आवडलीसुद्धा. अहवाल सभासदांच्या घरोघर गेला. एक शाळाखात्याच्या ऑफिसातल्या कुणाच्या तरी टेबलावर गेला, आणि तिथं कुणीतरी खोली ओळखली आणि फोटोतला फळा वाचला.

गुर्जी स्टुडिओत आले तेव्हा त्यांच्या पिशवीत तोच अहवाल होता. मला वाटलं, कौतुक करायला आलेत. मी चहासुद्धा मागवला. त्यांनी पान उघडून फळ्यावर बोट ठेवलं.

"हजर सतरा लिवलंय आन् खोलीत चिटपाखरू न्हाई," ते म्हणाले. "मला नोटीस आलीय. खोटी हजेरी लावतो म्हणं. पोरांच्या खिचडीचा तांदूळ मी इकतो म्हणं."

चहा तसाच गार झाला. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती म्हणतात, पण मारुती तरी देव आहे. मी जे केलं होतं त्याला नावच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याबरोबर ऑफिसात गेलो. मी सांगितलं की झालं, असं मला वाटत होतं. साहेब वाईट माणूस नव्हता. त्यानं बसायला खुर्ची दिली.

"फोटो तुम्हीच काढलाय?"

"हो, पण पोरं टँकरवर गेली होती."

"शाळेच्या वेळात?"

"हो."

"आणि दप्तरं? दप्तरंही टँकरवर गेली?"

"दप्तरं मी दाराआड ठेवली होती."

"कशासाठी?"

फोटो चांगला यावा म्हणून, असं मी म्हणालो. त्या खोलीत माझे शब्द मला स्वतःलाच खोटे वाटले. साहेबानं अहवाल माझ्यापुढं सरकवला. "हातच्या काकणाला आरसा कशाला? ओस पडलेली शाळा, हे तुमच्याच फोटोखाली लिहिलंय." ती ओळ माझी नव्हे, हे सांगून उपयोग नव्हता. मला ती आवडली होती, हे मला माहीत होतं.

मग मी आणखी एक शहाणपणा केला. तसाच वस्तीवर गेलो. लोक फडावरून कधीच परतले होते, सगळी पोरं शाळेत होती. नव्या वर्षीही पट एकतीसच होता. मी एकतीसच्या एकतीस पोरं झाडाखाली उभी केली, उंचीप्रमाणं तीन रांगा केल्या, भांग पाडायला लावले. म्हातारीनं दोन्ही नातींच्या वेण्या पुन्हा घातल्या. मोठा प्रिंट काढून साहेबाच्या टेबलावर ठेवला.

"आता असतीलच हो मुलं," तो सौम्यपणे म्हणाला. "प्रश्न त्या दिवसाचा आहे."

त्याचं बरोबर होतं. त्या दिवसाचा फोटो माझ्याकडं एकच होता.

कमी पटाच्या शाळा शेजारच्या गावात मिसळायचं तेव्हा चाललंच होतं. कदाचित ही शाळा माझ्याशिवायही गेली असती. लोक मला हेच सांगून समजूत घालतात, मीही घालून बघतो, पण ती फार वेळ टिकत नाही. दसऱ्याच्या आत हुकूम आला. पोरांनी डोंगर उतरून, ओढा ओलांडून खालच्या गावच्या शाळेत जायचं. गुर्जींची बदली लांब झाली आणि चौकशी त्यांच्या मागं लागून गेली. निरोप घ्यायला गेलो तेव्हा ते फळा ओल्या फडक्यानं पुसत होते. मी माफी मागितली. ते चिडले असते तर मला बरं वाटलं असतं.

"तुमचा फोटू बी खरा हाय आन् माझा फळा बी खरा हाय," ते म्हणाले. "कोणाला काय म्हणावं आता?"

दिवाळी झाली. ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या दिवशी मी सकाळीच वस्तीवर पोचलो. का गेलो ते मला सांगता येत नाही. गळ्यात कॅमेरा होता, सवयीनं. शाळेपुढं दोन ट्रॅक्टर ट्रॉल्या लावून उभे होते. भांडी, बाजरीची पोती, कोंबड्यांची खुराडी, आणि त्या सगळ्यावर पोरं. ओढा ओलांडून नातवंडांना रोज शाळेत पोचवणं कुठल्याच म्हाताऱ्या माणसाला जमणारं नव्हतं. इथं ठेवायची तरी कशाला, म्हणून आईबाप त्यांना घेऊन चालले होते. शाळेच्या दाराला कुलूप होतं.

म्हातारी ट्रॉलीला धरून उभी होती. दोन्ही नाती वर बसलेल्या, दप्तरांत आता कपडे भरलेले. धाकटी ट्रॅक्टरच्या मडगार्डावर रंगवलेली अक्षरं मोठ्यानं वाचत होती.

म्हातारीनं मला ओळखलं. तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरंच वाटलं असावं की मी त्याच कामाला आलोय.

"आता काढ बाबा फोटू," ती म्हणाली. "आता समदी हायत."

मी मोजली. एकतीस होती. कुणालाही बाजूला व्हायला सांगावं लागलं नाही. मी कॅमेरा डोळ्याला लावला, आणि ट्रॉल्या हलेपर्यंत तो खाली घेतला नाही.