आक्कांना विचारायचं राहिलं

आक्का चष्मा काढून टेबलावर ठेवायच्या, समोरचा कागद आमच्याकडे परत सरकवायच्या आणि म्हणायच्या, "आता मला अक्षर येत न्हाय असं समज. वाचून दाखव." उभा जन्म मराठी शाळेत मुलांना वाचायला शिकवण्यात गेलेल्या बाईंचं हे नाटक आम्हा विद्यार्थ्यांना मुळीच आवडायचं नाही. बेळगावातल्या आमच्या मेडिकल कॉलेजात माणसांवर कुठलंही संशोधन करायचं, तर आधी नीतिसमितीची मंजुरी लागायची, आणि त्या समितीत एक तरी सभासद डॉक्टर नसलेला, साधा माणूस हवा असा नियम होता. तो साधा माणूस म्हणजे आक्का. मोठमोठे प्रोफेसर पाच मिनिटांत मान हलवायचे आणि आमचं घोडं आक्कांपाशी येऊन अडायचं.

माझा विषय होता बायकांमधला रक्तक्षय. संमतिपत्र मी मराठीत आणि कन्नडात नेटकं टाइप करून नेलं होतं. 'सदर अभ्यासात मी स्वेच्छेने सहभागी होत आहे' इथवर वाचलं आणि आक्कांनी हात वर केला.

"स्वेच्छेने म्हंजे काय गं?"

"आपल्या मर्जीनं."

"मग तसं लिही की. आणि रक्त किती घेणार?"

"पाच मिली."

"आमच्या बेळगुंदीत मिली कुणी बघितलाय? एक चमचा म्हण." मग कागदाच्या तळाशी बोट ठेवून त्यांनी विचारलं, "व्हय म्हणायला सहीची रेघ मारलीस. न्हाय कुठं म्हणायचं, ते दाखव." तशी जागाच कागदावर नव्हती. तो कागद मी तीनदा बदलून नेला तेव्हा कुठं मंजूर झाला, आणि निपाणीला घरी गेल्यावर आईपाशी त्यांच्या नावानं यथेच्छ बोटं मोडली.

बैठक संपली की याच आक्का जिन्यात गाठायच्या आणि पिशवीतून उकडलेली रताळी काढून हातावर ठेवायच्या. "रागावलीस व्हय? रागाव, पण खा आधी." मग खाता खाता शिकवणी. कागद आज वाचून दाखवायचा आणि सही दुसऱ्या दिवशी घ्यायची, हा त्यांचा नियम. "मधी तिला घरी जाऊ दे, चूल पेटवू दे. इचार काय कागदासमोर बसून येतोय व्हय?" मी मान डोलवायचे. रताळं गोड असायचं.

पुढे संक्रांतीच्या दिवसांत आक्का मुलीकडे पुण्याला गेल्या. इकडे प्रबंधाची तारीख डोक्यावर आली होती आणि मला निम्म्याही बायका मिळाल्या नव्हत्या. बेळगुंदीत आक्कांच्या जाऊबाईंकडे हळदीकुंकू आहे असं कळलं. मी जाऊन म्हटलं, "आक्कांच्याच कमिटीचं काम आहे." त्यांनी कौतुकानं सोप्यात जागा करून दिली. बायका आल्या, कुंकू लावून घेतलं, तिळगूळ घेतला, वाण म्हणून स्टीलची वाटी घेतली, आणि वाटीपाठोपाठ माझा कागद. मी तो कुणालाही वाचून दाखवला नाही. "आक्कांनी बघितलाय," एवढंच म्हणत राहिले. एका दुपारीत सगळ्या सह्या झाल्या, रक्तही घेऊन झालं. परतताना बसमध्ये मी चक्क गुणगुणत होते.

आक्का परत आल्या, तर गिरणीत एकीनं त्यांना विचारलं, "आक्का, तुमी रक्त कशाला न्हेलासा ओ?" आक्कांनी मला बोलावून घेतलं. आवाज चढवला नाही. "वाण घेतलेल्या घरात न्हाय कसं म्हणायचं गं? तू बाईमाणूस, तुला ठाऊक नव्हतं?" मला ठाऊक होतं. म्हणून तर मी तो दिवस निवडला होता. हे मी त्यांना सांगितलं नाही.

मग दोन दिवस त्या मला घेऊन घरोघर फिरल्या. प्रत्येक दारात मी कागद वाचायचा आणि ज्यांना तो परत हवा त्यांना द्यायचा. काहींनी घेतला. एक म्हातारी माझ्याकडे न बघता आक्कांना म्हणाली, "तुमचं नाव घेतलं म्हणून दिलं. तुमी सांगितल्यावर आमी कधी इचारलंय व्हय?" आक्का तिच्या उंबऱ्यावरच बसल्या. कितीतरी वेळ उठल्या नाहीत.

पुढच्या बैठकीला आम्ही विद्यार्थी फायली घेऊन बसलो होतो. आक्का म्हणाल्या, "माझ्या नावावर सह्या झाल्यात. माझं नावच बायकांना भारी पडाय लागलं, तर मी साधी माणूस कुठं राहिले? मला मोकळं करा." अध्यक्षांनी विचारलं, "नाव कुणी वापरलं?" आक्का म्हणाल्या, "ते मी सांगायचं न्हाय." आणि थांबल्या. त्या माझ्यासाठी थांबल्या होत्या. मी फायलीची नाडी बांधत बसले, सोडवली, पुन्हा बांधली. अध्यक्षांनी राजीनामा घेतला आणि पुढचा विषय पुकारला.

मला पदवी मिळाली. बांधलेला प्रबंध घेऊन मी बेळगुंदीला गेले. ऋणनिर्देशात पहिलंच नाव आक्कांचं होतं. त्यांनी पान वाचलं.

"हे घालायच्या आधी मला इचारलंस?"

"मानानं घातलंय, आक्का."

"त्या बायकांनीबी मानानंच दिलतं." शिलाईच्या डब्यातून त्यांनी ब्लेड काढलं, पान कडेनं सरळ कापलं, घडी करून माझ्या हातात दिलं आणि चहा ठेवायला आत गेल्या.

मागच्या वर्षी आक्का गेल्या. मी आता त्याच समितीवर आहे. पोरं म्हणतात, मॅडम फार कडक आहेत, तत्त्वाच्या आहेत. ते ऐकलं की कुठं तोंड लपवू असं होतं.

इथं मी त्यांचं नाव लिहिलेलं नाही. पण 'तुमच्यावर लिहू का' एवढं विचारायला माझ्यापाशी कितीतरी वर्षं होती, आणि बेळगुंदी काही लांब नाही. मी गेले नाही. त्या न्हाय म्हणतील, हे मला माहीत होतं.