दारातनं या

माझा भाऊ आनंदराव मुलगी पाहायला गेला आणि पोहे सोडून त्यांची भिंतच पाहत बसला. मुलीच्या वडिलांना वाटलं, पोरगा लाजाळू आहे. लाजाळू कसला! दगड कसे बसवलेत ते पाहत होता. ही खोड त्याला कोयनेहून लागली.

सदुसष्टच्या डिसेंबरात कोयनेला भूकंप झाला. भाऊच्या इंजिनिअरिंग कॉलेजने मुलांना तिथली पडझड अभ्यासायला नेलं. इकडे खापरखेड्याला बाबा आमचं पहिलं पक्कं घर बांधत होते. वीजकेंद्रातली पाळी संपली की दगड रचायचे. दगडमातीची भिंत छपराच्या उंचीला आली होती. "हत्ती टेकला तरी हालत नाही!" असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून सांगायचे.

भाऊ परतला. जेवताना बाबांनी विचारलं, "काय पाहून आला गा?"

"धरण उभं आहे, बाबा. मान वर करून पाहतच राहिलो. अन् खालची गावं आडवी."

मग त्याने सांगितलं. एका घराच्या दाराची नुसती चौकट उभी होती. मुलं टेप घेऊन दगडांवरून आत चढू लागली, तशी रुखमाबाई नावाची म्हातारी ओरडली, "दारातनं या की! घर हाय ह्ये." उंबरठा सारवलेला होता. सगळ्यांनी बूट काढले आणि एकेक जण वाकून चौकटीतून आत गेला. आत वर आभाळच होतं. तिने सगळ्यांना पाणी दिलं.

एवढं थोरलं धरण पाहून आलेला माझा भाऊ, पण हातातला घास त्याने खाली ठेवला तो या बाईचं सांगताना.

"तिचा नातू पडलेल्या भितीखाली दबून गेला. भीत जाडच होती, बाबा. पण आतले दगड वेगळे, बाहेरचे वेगळे, मधात माती. हादऱ्यानं दोन्ही बाजू सुटल्या. त्यायले धरून ठेवाले आरपार लांब दगड पाहिजेत."

"आपल्या भितीत हायेत का?"

"नाही जी."

"आपल्याकडं काहून येईन भूकंप?"

"न येवो. पण तारा त्याच भितीपाशी झोपन ना."

माझं नाव ऐकून बाबा ताटावरून उठले. मला भाऊचा भयंकर राग आला. बापाच्या वर्षभराच्या घामावर असं पाणी ओतायचं?

सकाळी पहारीच्या आवाजाने जाग आली. बाबा स्वतःच भिंत उतरवत होते. शेवटी गुडघाभर पाया उरला आणि टेकू दिलेली सागवानी चौकट.

पहिला लांब दगड बसवायच्या दिवशी आम्ही सगळे पाया ओलांडूनच आत आलो होतो. बाबा खांद्यावर दगड घेऊन आले आणि पायाशी थबकले. त्यांनी चपला काढल्या. तेवढं ओझं घेऊन वळसा घालून समोर गेले, आणि वाकून चौकटीतून आत आले.

भाऊ तोंड फिरवून रडला. त्यानंतर आमच्यातलं कुणीही पाया ओलांडून आत आलं नाही.