शाईचे वर्तुळ

“थांबा बाई, गाडी जाऊ द्या.” सूक्ष्मदर्शकावर ओणवे होऊन ते एक हात वर करीत. सिंदी रेल्वे या गावातली आमची तपासणीची खोली रुळांना इतकी लगटून होती, की मालगाडी निघाली की काचपट्टीवरचे सारे जग थरथरू लागे.

ते तंत्रज्ञ, मी अहवाल लिहिणारी. असा माणूस तुम्हीही पाहिला असेल, ज्याच्या बोटांवर रसायनाचा जांभळा आणि सिगारेटचा पिवळा डाग शेजारी नांदतात. खिशात पाकीट, गालात लवंग. तो मिसळलेला वास मला अजूनही दारापाशी भेटतो.

एकदा थुंकीची एक पट्टी दाखवायला त्यांनी मला बोलावले. मोठाल्या गोल पेशी, पोटात तपकिरी कणांची दाटी.

“हे फुफ्फुसातले झाडूवाले. धूळ, जंतू, येईन ते गिळतात.”

“मग असे काळवंडले कशाने?”

“सिगारेटचा धूर गिळून राह्यले न! गर्दी वाढते त्याईची, पन पोट भरेल हाय. जंतू समोर आला तरी पयल्यासारखं तोंड उघडत नाई.”

“अहवालावर नाव काय लिहू?”

“नाव राहू द्या. हाय एक हेकेखोर मानूस. ऐकत नाई कोनाचं.”

मी त्यांच्या बोटांकडे पाहिले. “त्या माणसाला सांगा, सोडा म्हणावं. बाईंनी सांगितलंय.”

ते हसले. हसता हसता बराच वेळ खोकले.

दुसऱ्या दिवसापासून खिशात नुसती लवंगांची डबी. दर सोमवारी ते स्वतःचीच पट्टी करून पाहत. मी विचारी, “उजळल्या का?”

“काऊन घाई करून राह्यल्या? भांडे हायेत का ते, घासले का चमकले? एक जरी साफ दिसला का तुमालेच पयले बोलावतो.”

श्रावणात त्यांना न्यूमोनिया झाला. रुग्णालयातून ते परतले नाहीत.

काल त्यांचा खण आवरला. पेटीतल्या शेवटच्या पट्टीवर निळ्या शाईचे बारीक वर्तुळ होते. सोबतच्या चिठ्ठीवर तिरप्या अक्षरांत, ‘बाईले दाखवणे’.

मी ती भिंगाखाली धरली. वर्तुळात, तपकिरी गर्दीच्या मधोमध, सरकी निघालेल्या कापसासारखी एकच स्वच्छ पेशी.

नीट पाहून घेण्याआधीच मालगाडी आली. चित्र थरथरू लागले.

मी हात वर केला, आणि थांबले.