बंदूक खाली करो

शैलजा पाटणकर मूळची कऱ्हाडची, आणि ते तिच्या हिंदीच्या पहिल्याच वाक्यात कळायचं. ती आणि नवरा गुरुनाथ, दोघंही केंद्र सरकारच्या नोकरीत. एक्क्याण्णव साली बदली होऊन चंदिगडला आले. ती स्टेनोग्राफर. साहेबानं कितीही भरभर इंग्रजी झोडलं, तरी तिची पेन्सिल कधी मागं पडली नाही. पण हिंदी पखवाड्याच्या भाषणात ती ‘चोर को शिक्षा मिलनी चाहिए’ म्हणाली, आणि चोरांच्या शिक्षणाची तिची कळकळ ऐकून अख्खं ऑफिस हसलं. सेक्टर बावीसचे दुकानदारही हसायचे. हसतील त्यांचे दात दिसतील, असं म्हणून ती पुढं जायची. मात्र तेरा वर्षांच्या वल्लरीनं, पोटच्या पोरीनं, ‘मम्मी, मेरी फ्रेंड्स के सामने हिंदी मत बोला करो’ म्हटलं, ते तिला फार लागलं. त्यानंतर घराबाहेर ती कामापुरतंच बोलू लागली.

सत्त्याण्णव साली कॉलनीच्या क्लबात दर शनिवारी पाच वाजता सिनेमा दाखवायचं ठरलं. सेक्रेटरी नरेशजींनी पहिल्याच खेपेला एक जुना जपानी सिनेमा लावला. पडद्याच्या तळाशी इंग्रजी अक्षरं पळत होती, आणि ती वाचून होईपर्यंत बोलणारा मरून गेलेला असायचा. तळमजल्यावरच्या सत्तरीच्या पंजाबी आजींनी, बीजींनी, शेजारी बसलेल्या शैलजाला विचारलं, हा काय म्हणतोय. शैलजा त्यांच्या कानात सांगू लागली. एक गाव, गुंडांच्या दोन टोळ्या, आणि एक भटका तलवारबाज. तो आज ह्यांची चाकरी धरतो, उद्या त्यांची, आणि दोघांना एकमेकांत झुंजवून मजा बघतो. मागच्या रांगांतून मागणी आली, जरा जोर से. कुणीतरी तिच्या हातात माईक दिला. ऐकता ऐकता लिहिणारीला ऐकता ऐकता बोलणं जड गेलं नाही. त्या दिवसापासून शनिवारचा माईक तिचा झाला, आणि सहा वर्षं गिळलेलं बोलणं ती तिथं मोकळं करू लागली.

तीन महिन्यांनी एक नवा अमेरिकन सिनेमा आला. धुळीनं भरलेलं गाव, हॅटवाले गुंड, नायकाच्या दोन्ही हातांत पिस्तुलं, आणि मुडद्यांना तर हिशेबच नाही. दहाव्या मिनिटाला शैलजानं ओळखलं आणि माईकवर जाहीर करून टाकलं की ही तीच जपानी गोष्ट आहे, फक्त तलवार जाऊन पिस्तूल आलंय. बीजींनी समाधानानं मान डोलावली.

मग नायकानं एका गुंडाला दरडावलं. शैलजानंही आवाज चढवून दरडावलं, "बंदूक खाली करो."

आता गोळ्यांचा पाऊस पडणार म्हणून बायकांनी कानांत बोटं घातली. गुंडानं मुकाट्यानं पिस्तूल खाली घेतलं. मराठीत खाली म्हणजे खाली, पण हिंदीत खाली म्हणजे रिकामी. बिचाऱ्याला तिनं सगळ्या गोळ्या झाडायला सांगितलं होतं. हॉल खदाखदा हसला. नरेशजींनी सिनेमा थांबवला आणि तिच्या हातातून माईक काढून घेतला.

"मॅडम, खाली मतलब एम्प्टी. रहने दीजिए, मैं बोलता हूँ."

दोन रांगा पुढं वल्लरी मान खाली घालून बसली होती. शैलजा खुर्चीवर जाऊन टेकली. आज गप्प बसले तर या शहरात कायमचं गप्प बसावं लागेल, हे तिला स्वच्छ दिसत होतं. नरेशजींची हिंदी धुऊन इस्त्री केलेली. पण त्यांचं एक वाक्य संपेपर्यंत पडद्यावर तिघं आडवे व्हायचे. कोण मेलं, कोण मेलं, असं बीजी विचारत राहिल्या, आणि सांगणारं कुणी नव्हतं.

शैलजाला संताप आला. ती उठून उभी राहिली.

"नरेशजी, जपानवाले ने ये कहानी तलवार से बोली. अमरीकावाले ने पिस्तूल से बोली. मैं कऱ्हाड की हिंदी से बोलेगी. जिसको हँसना है वो हँसो, पर सुनो."

आणि माईकशिवायच तिनं सुरुवात केली. रांगांमधून फिरत, हातवारे करत, कोण कुणावर उलटला, कुणी कुणाला विकलं, ती सगळं सांगत सुटली. थोडा वेळ दोन आवाज चालले. मग नरेशजींनी माईक टेबलावर ठेवला.

शेवटी उरलेल्या एकमेव गुंडानं नायकावर नेम धरला. शैलजानं श्वास घेतला, पण त्याआधीच दोन रांगा पुढून वल्लरी ठणकावून म्हणाली, "बंदूक खाली करो." पाठोपाठ सगळा हॉल तेच ओरडला, बीजीसुद्धा. पडद्यावर पिस्तूल हळूहळू खाली आलं. शैलजा पडदा सोडून लेकीकडेच बघत राहिली, म्हणून शेवटची दोन मिनिटं कुणालाच काही कळलं नाही.

पुढच्या मार्चपर्यंत त्या कॉलनीत ‘खाली’चा अर्थ कऱ्हाडचाच रूढ झाला होता. होळीच्या सकाळी नरेशजी पांढरा कुर्ता घालून निघाले, तर जिन्याशी एक चिमुरडी भरली पिचकारी रोखून उभी. ती मेरठहून आठवड्यापूर्वीच बदलून आलेल्या कुटुंबातली.

"बेटा, पिचकारी खाली करो," नरेशजी म्हणाले.

पोर आज्ञाधारक होती. तिनं शेवटच्या थेंबापर्यंत पिचकारी त्यांच्या कुर्त्यावर खाली केली.

गॅलरीतून शैलजा सगळं बघत होती. ती कठड्यावरून वाकली आणि सगळ्या कॉलनीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "नरेशजी, खाली मतलब एम्प्टी."