हिच्या पाठीवर काय?

आखातात, एगैल्यात आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये रत्नागिरीकडचं एक मुसलमान कुटुंब राहायला आलं, तेव्हा माझी मुलगी नुकती शाळेत जाऊ लागली होती. त्या घरातल्या बाई माझ्याहून बऱ्याच मोठ्या. मी त्यांना खाला म्हणायचे. ओळख करून घ्यायला त्या सांदणांचं ताट घेऊन आल्या. मुलगी सतरंजीवर चित्र रंगवत होती, पायांना कॅलिपर. तिच्या डोक्यावरून हात फिरवत खालांनी विचारलं, “हिच्या पाठीवर काय गो, बाय?”

मी उठले, फ्रॉक वर केला आणि कमरेजवळचा लांबट वण त्यांना दाखवला. दवाखान्यांत, शाळेच्या प्रवेशाच्या वेळी, इतक्यांदा हे केलं होतं की हात आपोआप चालला. बोलणंही पाठ झालेलं. जन्मली तेव्हा इथे पातळ कातडीची पाण्याची पिशवी असावी तसा फुगवटा होता. गर्भात अगदी सुरुवातीला पाठीचा कणा मिटून बंद व्हायचा असतो, तो एवढ्या जागी उघडा राहिला. शस्त्रक्रिया लगेच झाली, पण पायांकडे जाणाऱ्या नसा दुबळ्याच राहिल्या. लघवी आल्याचं कळत नाही, म्हणून दिवसातून काही वेळा नळी घालावी लागते. डोक्यात पाणी साठतं, ते पोटात उतरवायला कातडीखालून आणखी एक नळी.

खालांनी सगळं ऐकून घेतलं. मग हलकेच फ्रॉक खाली ओढला.

“खुळी काय तू? मी पाठचा विचारीत होते. भाऊ की बहीण.”

मराठी विषय घेऊन मी पदवी घेतली होती. एवढा साधा प्रश्न मला कळला नाही.

मुलीने मान वर केली. “व्हॉट इज पाठीवर?”

“तुझ्या मागनं जो येईल तो तुझ्या पाठीवरचा,” खाला म्हणाल्या.

तिने थोडा विचार केला. “बट डॉक्टर क्लोज्ड इट.”

“काय म्हणते?”

“पाठ डॉक्टरांनी बंद केलीय म्हणते.”

“मग येईल की दुसऱ्या दारानं,” खाला म्हणाल्या, आणि आम्ही दोघी हसलो. मुलगी नाही हसली. तिने ते मनावर घेतलं होतं.

ती झाली तेव्हा सासूबाईंनी फोनवर विचारलं होतं, ग्रहणात काही चिरलं होतंस का. दवाखान्यातल्या इजिप्शियन डॉक्टरीणबाईंनी मला समोर बसवून सांगितलं, तुला दिवस गेलेत हे तुला कळण्याआधीच हे घडून गेलेलं असतं. तू काय चिरलंस, काय खाल्लंस, ते शोधत बसू नकोस. पण म्हणूनच पुढच्या वेळी गोळ्या आधीपासून सुरू करायच्या, दिवस राहिल्यावर नाही. फॉलिक ॲसिड, नेहमीपेक्षा जास्त मात्रेचं. धोका खूप कमी होतो. अगदी जातो का, असं मी विचारलं. अगदी जात नाही, त्या म्हणाल्या. घरी येताना माझ्याबरोबर तेवढंच वाक्य आलं.

खाला येऊन गेल्यावर आम्ही गोळ्या आणल्या. रोज सकाळी चहाआधी एक पिवळी गोळी. सुट्टीवर जाऊन आलो की बघू, असं ठरलं. मग नवऱ्याचं कंत्राट नवं झालं की बघू. मग तिच्या पायाची शस्त्रक्रिया होऊ दे. गोळी मात्र चुकली नाही. मुलीची समजूत अशी की बाळ त्या गोळ्यांमधूनच साठत साठत येणार. “आजची घेतलीस?” शाळेच्या बसमध्ये चढवतानाही विचारायची. रंगीत खडूंचे तिने दोन डबे केले होते. अख्खे खडू तिचे, तुटके पाठीवरच्याचे.

“त्याला तुटके का गं?” मी विचारलं.

“ही विल ब्रेक देम एनीवे.”

एकदा गोळ्या संपल्या आणि आणायच्या राहिल्या. नवरा बकाल्यातून, खालच्या किराणा दुकानातून, दूध आणि खुबूसच्या रोट्या घेऊन आला. शेजारीच औषधांचं दुकान होतं. तो तिकडे वळला नाही, मीही पाठवलं नाही. आम्ही दोघं त्यावर कधीच बोललो नाही. मुलीने फडताळातला गोळ्यांचा रिकामा डबा बघितला असावा, कारण नंतर तिने विचारणं सोडलं. काही दिवसांनी ती तुटक्या खडूंनी समुद्र रंगवताना दिसली.

असं मूल पुन्हा झालं असतं का, मला माहीत नाही. भीती खोटी नव्हती. पण मी भ्यायले ते जिच्यासारखं मूल होण्याला, ती तर रोज समोर बसून हसत होती, भांडत होती, माझ्या इंग्रजी उच्चारांची नक्कल करत होती. हे तिच्या लक्षात आलं असेल का, एवढंच आता मनात येत राहतं.

अशी पुष्कळ मुलं मोठी होतात, नोकऱ्या करतात. तिच्या मूत्रपिंडांना मात्र वरचेवर जंतुसंसर्ग व्हायचा. आठवीत असताना त्यातलाच एक उतरला नाही. अंत्यविधीसाठी तिला आम्ही गावी आणलं.

भेटायला आलेल्यांत सासरकडच्या एक लांबच्या आत्याबाई होत्या. त्यांनी विचारलं, “तिच्या पाठीवर काय?”

प्रश्न या वेळी मला बरोबर कळला. तरी हात उचलला गेला, फ्रॉकची कड धरायला जावा तसा. मग तो मी मांडीवर परत ठेवला.

“कोणी नाही,” मी म्हटलं.