सध्या काय करता?

प्रश्न विचारला की नलिनीताई उठून उभी राहायची. माझ्या स्वयंपाकघरात चहा पितानासुद्धा. नागपूरच्या कोर्टात तिने सात-आठ वर्षं वकिली केली होती आणि ती सवय अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एडिसनला आली तरी सुटली नव्हती. "अगं, बस ना! इंटरव्ह्यूत बसूनच बोलतात," मी ओरडायचे. ती ओशाळून बसायची, आणि पुढच्या प्रश्नाला पुन्हा उभी.

लग्नानंतर इथे येऊन तिने कायद्याचं शिक्षण पहिल्यापासून घेतलं, परीक्षा दिली, लायसन्स मिळवलं. नोकरी मिळाली ती नेवार्कमधल्या एका म्हाताऱ्या वकिलाकडे. केसचे कागद सगळे ती लिहायची. सही त्याची, आणि कोर्टात उभा राहणारही तोच. "तुझे उच्चार जज्जला कळायचे नाहीत," असं तो हसत हसत सांगायचा. मधल्या वेळात फोनही तिनेच घ्यायचे.

म्हणून दुसरीकडे इंटरव्ह्यू. मी तिच्या वरच्या मजल्यावर राहायचे आणि माझ्याकडे गाडी होती, त्यामुळे सराव घेणं आणि नेऊन सोडणं, दोन्ही माझ्याकडे. सगळं घोडं एकाच प्रश्नावर अडायचं: सध्याच्या नोकरीत तुम्ही काय करता?

"काहून विचारतात गं हे?" ती वैतागायची. "खरं सांगितलं तर साहेबाची चुगली होते. नाही सांगितलं तर मी कारकून ठरते."

"थोडं फिरवून सांग ना. 'आम्ही केस लढवतो' म्हण."

"आम्ही म्हणजे कोण? मी तर लढवत नाही."

अशा बाईला कसं तयार करायचं? एकदा ट्रेंटनचा इंटरव्ह्यू देऊन आम्ही परत येत होतो. गाडीत खोदून विचारलं तेव्हा ती म्हणाली, "या वर्षी कोर्टात किती वेळा उभ्या राहिलात, विचारलं. एकदाही नाही, म्हटलं."

"नागपूरचं सांगायचं होतंस!"

"सांगितलं. त्यावर ते म्हणाले, ते इथे धरत नाहीत."

मग एक ऑफिस भेटलं. तिथल्या बाईंना ती आवडली. दुसऱ्यांदा बोलावून त्यांनी सध्याच्या कामातला एखादा मसुदा दाखवायला सांगितला. हिच्या हातात तेव्हा एका बाईच्या घटस्फोटाची केस होती. "तिच्या घरातलं मी बाहेर दाखवणार नाही. विषय द्या, इथे बसून लिहून देते," असं ही म्हणाली. ऑफिसातल्या बाईंना ते पटलंही असावं. निघताना हिने एकच विनंती केली: माझ्या साहेबांना एवढ्यात कळवू नका.

त्याच ऑफिसातून कोणीतरी साहेबाला फोन केला. सोमवारी नलिनीताईचं टेबल दुसऱ्याला दिलेलं होतं. ती नोकरी गेली, आणि 'जुन्या साहेबांशी तुमचा वाद मिटल्यावर बघू' म्हणून नवीही मिळाली नाही.

मी भडकले. "तक्रार कर! असं कसं करतात?"

"कोणाकडे करू?" ती शांतपणे म्हणाली. "त्यासाठी वकीलच लागेल ना?"

तिला हसू आलं. मला अजिबात आलं नाही. तिच्या त्या शांतपणाचाच मला संताप आला होता.

पुढच्या वर्षी तिच्या नवऱ्याला तेलकंपनीत नोकरी लागली आणि ते टेक्सासला, शुगर लँडला गेले. न्यू जर्सीचं लायसन्स तिथे चालत नव्हतं. तिथल्या उकाड्यात तिने तिसऱ्यांदा अभ्यास केला आणि पासही झाली. इंटरव्ह्यूच्या दिवशी संध्याकाळी तिचा फोन आला.

"काय विचारलं?"

"सध्या काय करता, म्हणाले. या वेळी काही लपवायचं नव्हतं, काही सांभाळायचं नव्हतं. म्हटलं, सध्या घरीच असते. मी पुढच्या प्रश्नाची वाट बघत होते गं. त्यांनी फाईल मिटली."