जाळ्यातली निळी गाठ

तेव्हा मी ऐरोलीत एका विमा कंपनीच्या ऑफिसात नुकसानीचे फोटो तपासायचे. फोटोत कुणी काही पुसलंय का, चिकटवलंय का, हे शोधणं माझं काम. नोकरीत नवी होते. लबाडी सापडली की दिवसभर खुशीत असायचे.

एकदा खाडीकाठच्या दिवाळे गावातल्या एका कोळणीच्या होडीचा फोटो आला. वाऱ्यात धक्क्यावर आपटून होडीची फळी फुटली होती. फोटो मोठा करून बघताना होडीतल्या जाळ्याची एक निळी गाठ मला दोन जागी दिसली. तीच गाठ, तसाच सुटलेला धागा. म्हणजे जाळ्याचा तुकडा उचलून दुसरीकडे डकवला होता, आणि त्याखाली काहीतरी झाकलं होतं.

मी लगेच साहेबांना दाखवलं. ते म्हणाले, "फेरफार आहे खरा. पण काय झाकलंय ते कळल्याशिवाय दावा नाकारू नका. उद्या जाऊन बघून या."

सकाळी दिवाळ्याला गेले. ओहोटी होती, होडी चिखलात कलंडली होती. फळी खरोखरच फुटलेली, आत हात जाईल एवढी. होडीवाल्या मावशी शेजारीच बोंबील वाळत घालत होत्या. मी फोटो दाखवून विचारलं, "मावशी, इथे आधी काय होतं?"

त्या जरा घुटमळल्या. मग जाळं शिवत बसलेल्या नवऱ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "ह्यो व्हता."

"म्हणजे?"

"फाटक्या बनियनवर झोपला व्हता, तोंड उघडं टाकून. हापिसातली मानसं बगनार, बरं दिसतं का, बाय? म्हनून पोरीला बोलले, तुज्या बापाला काढ त्यातून."

काका मान वर न करता म्हणाले, "मना कोनी इचारला पन नाय."

मुलीने मोबाइलमधला मूळ फोटो काढून दाखवला. काका जाळ्यावर गाढ झोपलेले, आणि खाली फुटकी फळी, जशीच्या तशी. मला आधी कालच्या खुशीची लाज वाटली, मग हसू आवरेना. मावशीही हसायला लागल्या.

अहवालात मी लिहिलं, 'फोटोतून एक व्यक्ती काढलेली आहे. नुकसान खरे आहे.' सोबत मूळ फोटो जोडला. साहेबांनी तो बराच वेळ बघितला आणि हसतच सही केली. त्यानंतर कुठल्याही फोटोवर शेरा मारण्याआधी मी तो पाठवणाऱ्याला एक फोन करायला लागले. बहुतेक वेळा लोक खरं ते सांगून टाकतात.